खाजाभाईंचे हात

खाजाभाई चित्रकला शिकवायचे ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. दोरीनं नव्हे, उजव्या हातानं डावं मनगट गच्च धरायचं आणि तसंच आमच्या मागून येरझाऱ्या घालायच्या. कागदावर वाकायचे, अगदी पेन्सिलीच्या टोकाला नाक लागेल इतके वाकायचे, पण हात काही पुढं यायचा नाही. चूक दाखवायची तीही हनुवटीनं. 'इथं,' म्हणायचे आणि हनुवटी उडवायचे. आता हनुवटीवरून कुठली रेष चुकली ते कसं कळावं माणसाला? एकदा वैतागून मी पेन्सिल त्यांच्यापुढं धरली, म्हटलं, काढून दाखवा की. ते दोन पावलं मागं सरले. शेजारी बसणाऱ्या दंतवैद्य बाई हळूच म्हणाल्या की त्यांचा तसा नेम आहे, आग्रह करू नका. कसला नेम ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नांदेडच्या जुन्या गावात एका कापडदुकानाच्या माडीवर दर रविवारी सकाळी हा वर्ग भरायचा. दारावर त्यांनीच रंगवलेली पाटी होती: 'मोठ्या माणसांसाठी चित्रकला'. खाली बारीक अक्षरात, 'लेकरं आणू नयेत'. लेकरांचा राग नव्हता त्यांना. म्हणायचे, "लेकरांना काय शिकवायचं सर? ते बघतेत. मोठा झाला की माणूस बघायचं सोडून देतो अन् आठवून आठवून काम भागवतो." त्यांना जाऊन आता पाच वर्षं होतील, आणि ही 'आठवून'ची गोष्ट माझ्या डोक्यात पुरती शिरायला ते जाईपर्यंतचा वेळ लागला. मी तसा हुशार गणला जातो, हे इथं सांगून ठेवतो.

मी बायोलॉजीचा मास्तर. लातूरला कोचिंग क्लासचं पीक आलं तेव्हा त्यात मीही उगवलो, आणि आमच्या मालकांनी नांदेडला शाखा काढली तेव्हा मला इकडं आणून लावलं. शिकवायचो बरा. आकृती मात्र येत नव्हती. दोनशे पोरांसमोर फळ्यावर माणसाचं हृदय काढलं, तर मागच्या बाकावरून एकानं शांतपणे विचारलं, "सर, वांग्याला डेख काढायचं राहिलं का?" झालं. त्या दिवसापासून मी वांगे सर. भोकरहून आलेल्या एका पालकानं तर मला अदबीनं विचारलं होतं, वांगे म्हणजे तुम्ही मूळचे कुठले वांगे? अशी अब्रू गेल्यावर वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी खाजाभाईंच्या माडीचा जिना चढलो.

खाजाभाईंनी ही हकीकत ऐकून घेतली, हसले नाहीत. पुढच्या रविवारी माझ्यासमोर स्टुलावर एक वांगं ठेवलं. म्हणाले, आधी हे काढा, काळजाचं मग बघू. तीन रविवार मी एकच वांगं काढत होतो. ते सुरकुतलं, डेख वाळलं, तरी त्यांची हनुवटी उडतच होती. शेवटी म्हणाले, "सर, तुम्ही बघून नाही राहिले, आठवून राहिले. दुनियेची समदी वांगी आठवून राहिले. हे एक बघा." खोडरबर पहिल्याच दिवशी काढून घेऊन बिस्किटाच्या डब्यात टाकलेलं. रेष खोटी आली तर येऊ द्या, पुसू नका, पुसलं की दोनदा खोटं होतं, असा त्यांचा कायदा.

पण वांगं हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण माझी माय. ती त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. आमचं गाव औशाकडचं; दगडमातीच्या जाड भिंतींचं घर, ते जसंच्या तसं तिच्यावर बसलं. दादा, माझा थोरला भाऊ, रानात राखणीला होता म्हणून वाचला आणि मी लातूरला कॉलेजच्या खोलीवर होतो म्हणून. तिचा एकही फोटो नव्हता. मतदानाची फोटोवाली कार्डं तेव्हा आली नव्हती, लग्नात कुणी काढला असेल तर तो ट्रंकेत, आणि ट्रंक मातीत. आधी काही वाटलं नाही. मायचा चेहरा कुठं जातोय, म्हटलं. पण पंधराएक वर्षांनी एक दिवस दाढी करताना तिला डोळ्यांपुढं आणायला गेलो, तर ती येईना. कपाळ यायचं, गोंदण यायचं, चेहरा जुळायचा नाही. मी आरशासमोर तसाच फेस लावून उभा राहिलो. भीती वाटली मला, खरं सांगतो. सगळा जाण्याआधी तो चेहरा कागदावर उतरवायचा होता, बस्स.

चार महिन्यांनी, एका रविवारी वर्ग सुटून दंतवैद्य बाई घरी गेल्यावर, मी हे खाजाभाईंना सांगितलं. म्हटलं, माझ्यानं होत नाही, मी वर्णन करतो, तुम्ही काढून द्या. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. हात पाठीमागं होतेच. मग त्यांनी नेमाची गोष्ट सांगितली.

तरुणपणी ते लातूरला पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची गुलाबं, पुढं क्लासवाल्यांच्या भिंती. निकाल लागले की पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे पासपोर्ट फोटोवरून पुरुषभर उंच रंगवायचे. फ्लेक्स आलं आणि ते काम बुडालं, तेव्हा ते परत नांदेडला आले. पण भूकंपाच्या वेळी ते लातूरलाच होते, आणि त्यानंतरच्या महिन्यांत त्यांच्या दुकानात खेड्यांतली माणसं यायला लागली. कुणाची माय गेलेली, कुणाची सासू, बहीण. फोटो कुणाचाच नाही. माणसं सांगायची, नाक असं, भिवया अशा, इथं तीळ. आणि खाजाभाई काढायचे. माणसं चित्र बघून रडायची, हीच म्हणायची, छातीशी धरून न्यायची. पंधराएक चित्रं झाली.

मग एक दिवस दोन वेगळ्या गावांच्या दोन बायका एकाच वेळी चित्रं न्यायला आल्या. रंग वाळायला दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवलेले. एकीनं दुसरीचा कागद उचलला आणि म्हणाली, ही माझी सासू. दुसरी म्हणाली, अगं ती माझी माय आहे. खाजाभाईंनी तेव्हा पहिल्यांदा दोन्ही चित्रं एकत्र बघितली. तेच नाक, त्याच भिवया, तीळ तेवढा इकडचा तिकडं.

"माझी अम्मी होती सर ती," खाजाभाई म्हणाले. "दोन्हीकडं. आधीच्या समद्यांतबी तीच असणार. ते लोक मेलेलं माणूस मागायला आले, अन् मी समद्यांना माझी अम्मी वाटून राहिलो."

त्या बायका भांडल्या का, मी विचारलं. नाही म्हणाले. दोघींनी आपापला कागद घेतला, पाया पडल्या आणि गेल्या. त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं. तेव्हापासून दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही, हा नेम. हाताला माणसं ठाऊक असतात ती स्वतःचीच, असं त्यांचं म्हणणं. "तुमची माय तुमच्याच हातानं येईल. न्हाई आली तर न्हाई आली. पण माझ्या हातानं आली तर ती दुसरीच कुणी असंल."

मग मीच काढायला बसलो. पाच-सहा महिने चेहरे काढले. एक कॅलेंडरातल्या लक्ष्मीसारखा आला, एक आमच्या शाळेच्या बाईंसारखा, एक तर चक्क दादाला पदर घेतल्यासारखा. मी तडकलो. कागद टराटरा फाडले. खाजाभाई मागून म्हणाले, "परत आठवून राहिले. तिला शेवटचं बघितलं तेव्हा काय दिसलं?"

"पाठ," मी ओरडलोच. "पाठ दिसली. झालं समाधान?"

ते कुणाला सांगितलं नव्हतं. गणपती विसर्जनाचा दिवस होता. माय म्हणत होती, आज राहा, उद्या जा. मला दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. मी ऐकलं नाही, तीही हट्टी. मी पिशवी उचलली, येतो म्हटलं. ती चुलीपुढं माझ्याकडं पाठ करून बसलेली, वळली नाही. भाकरी करपल्याचा वास सुटला होता. मीही म्हटलं, नाही तर नाही, आणि एसटी गाठली. त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास, भूकंप झाला. माय माझ्यावर चिडून गेली, हे ओझं मी इतकी वर्षं वागवत होतो, आणि हा माणूस मला ते हनुवटीनं दाखवत होता.

"मग पाठ काढा," ते म्हणाले.

मी महिनाभर वर्गाला गेलो नाही. फुरंगटून बसलो म्हणा ना. मग एका रविवारी पायच तिकडं वळले. खाजाभाईंनी काही विचारलं नाही, कागद पुढं ठेवला. घरी बायकोला ओट्यावरून खाली जमिनीवर भाकरी करायला बसवलं, पाठीमागून तिची तीस-चाळीस चित्रं काढली. ती म्हणायची, गुडघे माझे दुखतात, चित्रकार तुम्ही होता. पण बसलेल्या बाईची पाठ कशी असते, मान कुठं वाकते, पदर खांद्यावरून कसा उतरतो ते कळलं. आणि ते कळल्यावर मायची पाठ वेगळी होती हेही दिसायला लागलं. तिचा उजवा खांदा पडलेला. मान बायकोच्या मानेहून जास्त खाली. आणि डावा कोपर अंगापासून सुटून वर आलेला. काढताना मीच चकित झालो, कारण हे मला ठाऊकच नव्हतं. हात आपला काढत गेला.

खाजाभाई त्या चित्रावर फार वेळ वाकून राहिले. मग हनुवटी कोपराकडं गेली. हा असा का, त्यांनी विचारलं, भाकरी करताना बायकोचा कोपर खाली असतो ना? मी म्हटलं, का ते ठाऊक नाही, पण तसाच होता. "तसाच होता तर ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि खिडकीकडं गेले. शाबासकी नाही, काही नाही. मला जरा रागच आला होता.

ते चित्र वर्षभर माझ्या कपाटात होतं. दादाला दाखवायचं धाडस होईना. तो नव्या गावात, भूकंपानंतर बांधलेल्या घरात राहतो. चेहरा नसलेली माय त्याच्यापुढं काय न्यायची? शेवटी दिवाळीत नेलं. त्यानं हात लुंगीला पुसले, कागद उजेडाकडं धरला. वाटलं, विचारेल ही कोण. त्यानं विचारलं नाही.

"माय हाय," म्हणाला.

मी म्हटलं, शेवटच्या दिवसाची आहे, माझ्यावर चिडून बसली होती तेव्हाची.

"चिडली कुठं? रडून राहिली की." त्यानं काळ्या नखाचं बोट कोपरावर ठेवलं. "पदर तोंडाला लावलाय न्हाई का. रडू आलं की अशीच बसायची, आपल्याला दिसू न्हाई म्हणून. त्या दिशी मी रानात जायच्या आधी जेवाया आलो तर डोळे लाल. म्हटली, धूर लागला. करपली भाकर मीच खाल्ली."

इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, मी विचारलं. तर म्हणाला, "तू कवा इचारलं?" खरंच, त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकदाही बोललो नव्हतो. मी त्याच्या अंगणात बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. वहिनी पाणी घेऊन आल्या तेव्हा दादानं त्यांना हातानंच थांबवलं.

नांदेडला परत आलो तो सरळ खाजाभाईंच्या घरी गेलो. वर्ग दोन महिने बंद होता; त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. खाटेवर होते, अंगावर गोधडी आणि गोधडीवर दोन्ही हात. ते हात मी पहिल्यांदा नीट बघितले. बोटांच्या पेरांत जुना रंग होता, निळा. ही आमची शेवटची भेट, पण तेव्हा ते मला कळलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. कोपराचं, पदराचं, करपलेल्या भाकरीचं. त्यांनी विचारलं, कागद कुठंय? मी म्हटलं, दादानं ठेवून घेतला, देईना.

"मंग बरोबर आली," म्हणाले.

बोलताना त्यांना धाप लागत होती. पण मला राहवेना. त्या रविवारी त्यांची हनुवटी नेमकी कोपरावर गेली होती, ते आठवलं.

"खाजाभाई, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"हाव."

"मग सांगितलं का नाही? वर्षभर मी ती चिडलेली समजत होतो."

त्यांनी गोधडीवरचा हात थोडा उचलला, परत ठेवला.

"मी सांगितलं असतं तर ती माझी अम्मी झाली असती, सर."