सेकोंदोने फुगवलेली रेघ

आमच्या सेकोंदोच्या आईबापांनी नाव शोधायचासुद्धा आळस केला. दुसरा मुलगा, म्हणून सेकोंदो, आमच्या इटालियनमध्ये दुसराच. तोरिनोत माझ्या खानावळीसमोर गाड्यांच्या बॉड्या घडवणारा कारखाना आहे, तिथे तो छत्तीस वर्षं पत्रा ठोकतोय. हातोडीनं कान गेले, पण माझी बडबड ऐकू येत नाही म्हणून सुखी आहे मेला. मी म्हणते, पत्र्याला गोंजारतोस तेवढं बायकोला गोंजारलं असतंस तर माहेरी गेली नसती.

सत्तावन्न साली मिलानोहून एक डिझायनर आला. कॉफीची भांडी, दिवे, टाइपरायटर यांची रूपं ठरवणारा. आता त्याला गाडी हवी होती, एकच, जगात दुसरी नसेल अशी. कागदावर त्यानं पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत पट्टीनं सरळसोट रेघ मारली होती.

सेकोंदो म्हणाला, एवढी लांब रेघ सरळ ठोकली तर मधे खचल्यासारखी दिसेल, जरा फुगवू या. डिझायनर नुसता हसला. मालकानं बजावलं, नकाशा म्हणजे नकाशा. रेघ केसभर जरी हलली तरी हातोडी काढून घेईन आणि झाडू देईन.

बिचारा माझ्याकडे सूप पुढ्यात घेऊन बसला, चमचा काही उचलेना. मीच कानात ओरडले, "डावी बाजू त्याच्या मनासारखी कर, उजवी तुझ्या. आणि उजवी भिंतीकडे ठेव."

महिन्याभरानं डिझायनर बघायला आला. गाडी ढकलत कारखान्याच्या अंगणात उन्हात आणली. माझी गिऱ्हाइकं गळ्यातले रुमाल न सोडताच धावली. डिझायनरनं आधी डावी बाजू पाहिली आणि लिंबू चावल्यासारखं तोंड केलं.

"ही कुणी ठोकली? मधे बसलीय की."

मालकानं सेकोंदोकडे पाहिलं, मग दाराशी टेकवलेल्या झाडूकडे. डिझायनर वळसा घालून उजवीकडे गेला आणि थबकला.

"ही बघा. ही माझी रेघ. डावीही अश्शीच करा."

मी ते सेकोंदोच्या कानात ओरडून सांगितलं.  त्यानं आतून लांब पट्टी आणली, डावीकडे लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटली. मग उजवीकडे लावली. मधे टेकली, आणि दोन्ही टोकांना बोट जाईल एवढं ऊन दिसलं.

 डिझायनरचे कान माझ्या तळलेल्या लाल मिरच्यांसारखे झाले. पण माणूस खरा हो. सेकोंदोच्या कानाशी वाकून त्यानं विचारलं, "किती फुगवलीत?"

"मिलिमीटर मला नाही ठाऊक, साहेब. हात फिरवून बघा."

त्यानं कोट काढला, मालकाच्या हातात दिला, आणि गुडघ्यावर बसून नवा कागद पसरला. तोवर त्या अंगणात नकाशावरून गाड्या झाल्या होत्या. गाडीवरून नकाशा निघाला तो पहिलाच. सेकोंदो मागे कंबरेवर हात ठेवून उभा, मास्तरासारखा.

"पेन्सिल जरा सैल धरा, साहेब."