साहेबांसाठी रिकामी केलेली खाट

आमच्या दवाखान्यात पांढऱ्याशुभ्र चादरी होत्या, पण त्या रोग्यांसाठी नव्हत्या. डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावर ट्रंकेत त्या कुलूपबंद असत आणि जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला यायचे असले की तेवढ्यापुरत्या खाटांवर चढत. एरवी रोगी आपापल्या गोधडीवर, नाहीतर नुसत्या सुंभावर. साहेब यायच्या सकाळी खोकणारे, हगवणीचे, ओल्या जखमांचे असे सगळे उठवून मागच्या गोठ्यात नेऊन बसवायचे. खाटेवर ठेवायचा तो एखादा पोटदुखीचा दुकानदार, धुतलेलं धोतर नेसलेला. साहेब चहा पिऊन गेले की चादरी ट्रंकेत आणि रोगी पुन्हा खाटेवर. वरून कीर्तन आतून तमाशा! आणि याला आमच्याकडे शिस्त म्हणत.

इंग्रजी अमदानी होती, आमच्या भागाला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत. मी पुण्याला नर्सचं शिक्षण घेऊन सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावी नोकरीला आले होते. दवाखान्यात मी एकटीच बाई. औषधं द्यायची, बाळंतपणं करायची, आणि बंगल्यावर पाहुणे असले की डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली पुऱ्याही लाटायच्या. पुण्यात हे कुणी शिकवलं नव्हतं.

डोंगरातल्या बायका दवाखान्यात येत नसत. बाळंतपण घरीच, आणि अडली तर देवाला नवस. म्हणून डोंगरातल्या काठी गावाच्याही वरच्या एका पाड्यावरून माणसं एका बाळंतिणीला झोळीत घालून घेऊन आली तेव्हा मला आधी खरंच वाटेना. मूल झालं होतं, पण वार पडली नव्हती. रक्त जाऊन जाऊन पोरगी पांढरीफटक पडली होती. बरोबर सासू होती, पोटाशी नातू बांधलेली.

डॉक्टर हाताचे हुशार होते, ते मी नाकारणार नाही. त्यांनी वार काढली, रक्त थांबवलं. खाटेचा पायथा विटांवर उचलून घेतला आणि मला बजावलं, "नर्सबाई, हिला अजिबात हलवायचं नाही. उठून बसली तरी जीव जाईल." सासूलाही कंपाउंडरकडून तेच समजावलं. तो त्याच भागात वाढलेला, तिची बोली त्याला येई. म्हातारीने मान डोलावली आणि खाटेशेजारी जमिनीवर बसली. तिचा आमच्यावर विश्वास बसला होता. कुणाचा नाही बसला तो तिचा बसला होता.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या साहेबांची तपासणी निघाली.

सकाळी डॉक्टर माझ्याकडे आले. "ती विटांवरची खाट रिकामी करा. बाईला मागे न्या."

मी म्हटलं, "काल तुम्हीच सांगितलंत की हलवायचं नाही."

"काल साहेब येणार नव्हते."

हे शब्द त्यांनी सहज उच्चारले, जणू पोरीचं दुखणंही साहेबांचा दौरा बघून कमीजास्त होणार होतं. मी साफ नाही म्हटलं. ते निघून गेले. मला वाटलं, जिंकले. मग मी आवारातल्या चुलीवर उकळायला ठेवलेली हत्यारं काढायला गेले. परत येते तो खाट रिकामी. विटा नाहीत, वर कडक इस्त्रीची चादर.

कंपाउंडर दारात मान खाली घालून उभा होता. "मी काय करू बाई? दागतरसायेबनी सांगं."

"उचलून नेलंत ना तिला?"

त्याने नकारार्थी मान हलवली. उचललं नव्हतं. चालवत नेलं होतं!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोठ्यात पोरगी भिंतीला टेकून बसली होती, खालची माती भिजत चालली होती. मी तिला आडवी केली, पोटावर हात ठेवला. गर्भाशय लिबलिबीत झालं होतं. मी ते हाताने चोळू लागले, गर्भाशय आवळून धरणाऱ्या अर्गटचा डोस पाजला. सासूचा हात धरून तिच्या पोटावर ठेवला आणि दाखवलं, हे नारळासारखं टणक राहिलं पाहिजे, मऊ लागलं की चोळ. बोली येत नव्हती, पण म्हातारीला हात कळत होता. रक्त हळूहळू कमी झालं. पुढे वॉर्डात साहेबांच्या बुटांचा आवाज फिरत होता.

मग सासू उठली आणि बाहेर झाडाखाली बसलेल्या आपल्या माणसांना झोळी बांधायला सांगू लागली. मी हात जोडले, विनवण्या केल्या, वाटेत पोरगी दगावेल असं कंपाउंडरला सांगायला लावलं. तिने त्याला उत्तर दिलं, ते त्याने खाली बघत मला सांगितलं.

"ती म्हनस, आमना घर पाव्हना उना तर आम्ही आजारी मानूसले बाहेर काढतस नहीं."

 

झोळी आवारातून निघाली तेव्हाच साहेब वऱ्हांड्यात आले. "हे कोण चाललं?" त्यांनी विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, "डोंगरातली माणसं, साहेब. अडाणी. कितीही जीव तोडून करा, उपचार अर्धवट टाकून पळतात."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी पुढे होऊन म्हटलं, "ती पळाली नाही, साहेब. तुम्हाला खाट स्वच्छ दिसावी म्हणून तिला काढलं." साहेबांनी माझ्या हाताच्या कोपरापर्यंतच्या रक्ताकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, अगदी नीट कळलं. आणि ते म्हणाले, "नर्सने डॉक्टरच्या मध्ये बोलू नये. तुमच्या पेशाला ते शोभत नाही."

मी त्यांना तिथेच सोडून झोळीमागे धावले. डोंगराच्या पायथ्यापर्यंत तिच्या बाजूने चालले. म्हातारीचा हात झोळीत होता, चोळत होता. चढ लागला तशी ती थांबली, मला परत जा अशी खूण केली आणि पुन्हा तोच हात आत घातला.

ती पोरगी जगली की नाही, मला कधीच कळलं नाही. त्या पाड्यावरून खाली कुणी आलंच नाही. मी त्या दवाखान्यात होते तोवर वरच्या डोंगरातून एकही बाळंतीण आली नाही, आणि डोंगरातल्या बायका येत का नाहीत असं कुणी विचारलं की डॉक्टर म्हणत, अडाणी आहेत.