गच्चीवर उघडणारं फोल्डर

परवा कामासाठी औशाला गेले होते. त्याबद्दल इथे लिहिणं भाग आहे, कारण या गोष्टीचा पहिला भाग मी इथेच लिहिला होता... आणि तुमच्यातले बरेच जण हसले होते.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी नांदेडला एका बियाणं कंपनीत नेटवर्क सांभाळते. औशाला आमची छोटी लॅब आहे, तिथले जुने कर्मचारी अप्पा सोयाबीनची उगवण तपासतात. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी उलगडून किती उगवले ते मोजायचं, आणि रिपोर्ट नांदेडच्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायचा. औशाहून त्या फोल्डरपर्यंत पोचायला व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट, लागतो.

दोन महिन्यांपासून त्यांचे रिपोर्ट उशिरा येत होते. व्हीपीएन जोडला जातो पण फोल्डर उघडत नाही, ही त्यांची तक्रार. मी नांदेडहून तपासलं... सर्व्हर चालू, परवानग्या बरोबर, बाकी सगळ्यांना फोल्डर दिसतंय. तक्रार बंद केली आणि कारण लिहिलं, 'वापरणाऱ्याची चूक'.

मग कळलं की अप्पा लॅपटॉप घेऊन गच्चीवर जातात. तिथे उघडतं म्हणे. यावर मी इथे पोस्ट टाकली, 'फोल्डर शोधायला गच्चीवर जाणारे अप्पा'. "अँटेना फिरवायला एक माणूस द्या त्यांना" या कमेंटवर मी स्वतः बदाम टाकला होता.

साहेबांनी पोस्ट वाचली नव्हती, पण माझं 'वापरणाऱ्याची चूक' वाचलं होतं. एक तारखेपासून लॅबचं काम दुसऱ्याला आणि अप्पा गोदामात, असं त्यांनी ठरवलं. एकोणीस वर्षं दाणे मोजलेल्या माणसाला पोती मोजायला बसवायचं. मला औशाला पाठवलं ते फक्त लॅपटॉप परत आणायला.

सकाळच्या बसने लातूर, तिथून औसा. वाटेत मी ठरवून ठेवलं होतं की वाद घालायचा नाही, दहा मिनिटांत निघायचं.

वादाची वेळच आली नाही. लॅपटॉप पुसून टेबलावर ठेवलेला होता. "घ्या मॅडम. चार्जर पिशवीत हाय. आन् ही वही बी न्या, नव्या माणसाच्या कामी येईल."

वही उगवणीच्या रजिस्टरसारखीच आखलेली होती. तारीख, वेळ, नेट कोणतं, फोल्डर उघडलं का, मॅडम काय बोलल्या. एकाखाली एक नोंदी... 'डब्ब्याचं नेट, न्हाई.' 'मोबाईलचं नेट, गच्ची, हाव.' डब्बा म्हणजे लॅबमधला राऊटर. दोन महिन्यांत एकही अपवाद नव्हता.

शेवटच्या रकान्यात मी होते. 'रीस्टार्ट करा.' 'पासवर्ड नीट टाका.' 'पासवर्ड नीट टाका.' 'अप्पा, नेट म्हणजे नेट.'

"गच्चीवरच का पण?" मी विचारलं.

"खाली मोबाईलला रेंज न्हाई ना. सांगितलं व्हतं की तुम्हाला... दोनदा." त्या दोन्ही तारखाही वहीत होत्या.

खरं तर पहिलं पान वाचतानाच मला कारण समजलं होतं. दोन महिन्यांपूर्वी लॅबचा राऊटर बदलला, तो मीच कुरिअरने पाठवला होता. सेटिंग न तपासता. त्या राऊटरने लॅबमधल्या मशीनना नेटवर्कचे जे पत्ते दिले, तेच पत्ते नांदेडच्या ऑफिसमध्येही होते. त्यामुळे अप्पांचा लॅपटॉप नांदेडचा सर्व्हर औशाच्या त्या एका खोलीतच शोधत बसायचा. मोबाईलच्या नेटवर पत्ते वेगळे, म्हणून तिथे तो बरोबर नांदेडला पोचायचा.

आमच्या शिक्षणात हे अगदी सुरुवातीला शिकवतात. 'एका नेटवर चालतं, दुसऱ्यावर नाही' एवढं ऐकलं तरी पुरतं. मी ते ऐकलंच नाही, कारण सांगणारे अप्पा होते.

राऊटरचे पत्ते बदलायला पाच मिनिटं लागली. अप्पांनी खाली बसूनच फोल्डर उघडलं. बंद केलं, परत उघडलं. तीनदा. मग वही ओढून घेतली, तारीख, वेळ, 'डब्ब्याचं नेट, हाव' लिहिलं आणि शेवटच्या रकान्यावर पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम काय बोलल्या... काय लिहू?"

"चूक माझी होती, असं लिहा. मी साहेबांना तसा मेल करते."

"मेल गेला की मग लिहितो." टोमणा नव्हता त्यात. गुंडाळी उलगडल्याशिवाय ते आकडा लिहीत नाहीत, तसंच हे.

मी तिथेच बसून मेल केला. तक्रार बंद केल्याचा मेल ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना. कारणाच्या जागी 'वापरणाऱ्याची चूक' काढून माझं नाव घातलं. मेल गेल्यावर अप्पांनी रकाना भरला. तासाभराने साहेबांचं उत्तर आलं... लॅपटॉप तिथेच राहू दे, अप्पांचं काम आहे तसंच ठेवा.

मी बॅग उचलली तेव्हा ते म्हणाले, "पोरीनं तुमची ती पोस्ट वाचून दाखवली. लिहिता चांगलं तुम्ही." मी बॅग परत खाली ठेवली. मग ते म्हणाले, "तिच्या मैत्रिणींनी बी वाचली म्हणं."

पोस्ट काढून टाकणं सोपं होतं. पण ती काढली तर हसलेल्यांना खरं कधीच कळणार नाही. म्हणून ती तशीच ठेवून तिच्या खाली या पोस्टची लिंक दिली आहे.

अप्पांची मुलगी हे वाचेल, असं धरून चालते. तुझे वडील गच्चीवर जायचे, कारण फोल्डर खरंच तिथेच उघडत होतं. आम्हा सगळ्यांत नीट तपासणारे तेच एकटे होते.