चाराची घरं की आठाची

२०२४ साल. मी त्र्याहत्तरचा, माझा पुतण्या दिनेश एक्केचाळीसचा. टेमघरहून सूनबाईचा, दिनेशच्या बायकोचा, फोन आला, सकाळी चहाला बसले होते ते बसल्या जागी गेले... मी रडलो न्हाय. विचारलं, "काल गोदामातून कोण आलं होतं?" माझा स्वभावच तसा, आधी संशय.

चौथी शिकलो आणि चाळीस वर्षं लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. माग बंद पडला की दोष कारागिराचा की मागाचा, हे मीच ठरवायचो. दिनेश काल्हेरच्या एका गोदामात माल वेगळा करणाऱ्या पट्ट्यांचे संगणक सांभाळायचा. एक दिवस पट्टे थांबले, ट्रक रस्त्यापर्यंत उभे राहिले. प्रोग्रॅम मरतो तेव्हा त्या घडीला संगणकाच्या डोक्यात जे असेल ते सगळं एका फाइलीत ओततो, त्याला कोर डंप म्हणतात. साहेबांनी ती फाइल वाचली आणि बोट दिनेशच्या कामाकडं दाखवलं. त्यालाही नक्कल दिली होती. तो ती घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसायचा, वहीत चौकोन आखून आकडे उतरवायचा. मला ते लपवाछपवीचं वाटायचं.

"दिन्या, मेलेल्याचं पोट फाडून घरी कशाला आणतोस?"

"काका, कापड हातात आलं की तू आधी काय करतोस?"

"काच लावतो. इंचात धागे किती ते बघतो."

"आणि न बघताच कारागिराला शिव्या घातल्यास तर?"

"तर मी गाढव."

"साहेबांनी तेच केलंय," तो म्हणाला. मग समजावलं. जुना संगणक एक पत्ता, म्हणजे कुठली गोष्ट डोक्यात कुठं ठेवलीय ते, चार घरांत लिहितो, नवा आठ घरांत. कुठला ते फाइलीच्या तोंडालाच, पाचव्या घरात लिहिलेलं असतं, एक म्हणजे जुना, दोन म्हणजे नवा. पण या फाइलीचं तोंडच खराब झालेलं. साहेबांनी सगळे संगणक नवे धरून आठ-आठनं वाचलं, दोन पत्ते चिकटून एक झाला, आणि तो निघाला भलत्याच ठिकाणचा, दिनेशच्या कामातला. "तोंड न्हाय, तर तुला कसं कळलं?" मी विचारलं. म्हणाला, "पोटातून. आठाचा पत्ता असला की त्याची शेवटची दोन घरं रिकामी असतात. इथं भरलेली हायत."

मी म्हटलं, "ते तोंड तूच खराब केलं नसशील कशावरून?"

तो उठला. वही तिथंच ठेवून चप्पल घालून गेला. आमचं शेवटचं बोलणं ते... चौथ्या दिवशी फोन आला.

दहाव्याला गोदामातले दोघं आले. हात जोडले, फोटोला हार घातला. निघताना त्यातले साहेब म्हणाले, "जाऊ द्या काका, माणूस गेला, चूकही त्याच्याबरोबर गेली." सूनबाई दारातच होती, तिची मुलगी कडेला. मी म्हटलं, "साहेब, चूक आधी दाखवा, मग पुरा." ते हसले. बापाच्या नावाला चिकटलेलं हे त्या पोरीनं जन्मभर ऐकायचं का, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

त्या दुपारी वही उघडली. अक्षरं मला परकी, पण घरं मोजता येतात. बोट ठेवत गेलो. चौथ्या घरात एक खूण, मग आठव्यात तीच, बाराव्यात तीच. पानभर तसंच, कापडात नक्षी फिरून यावी तसं. आठानं वाचणाऱ्याला त्यातली अर्धी दिसणारच न्हाय. पोरगा खरं बोलत होता, आणि मी त्याला चोर ठरवला होता. तरी संशय सुटेना. वही त्याच्या हातची. ती दाखवली तर म्हणतील, मनानं लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी काल्हेरला गेलो, वही घरी ठेवून. साहेबांना म्हटलं, "तुमच्याकडची फाइल उघडा, माझ्यासमोर."

"काका, तुम्हाला यातलं काय कळणार?"

"चारपर्यंत मोजता येतं."

त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. मी पहिल्या घरावर बोट ठेवलं आणि त्यांनाच मोठ्यानं मोजायला लावलं.