रब्बीत रिकामं ठेवलेलं वावर

प्रल्हादभाऊ गेले ते सोयाबीनच्या मळणीत. मी वाशिमला शाळेत होतो. मधल्या सुट्टीत फोन पाहिला, तर गावाकडच्या दिगंबरचे कितीतरी फोन येऊन गेलेले. परत लावला. "झाडाखाली बसले, पानी मांगलं... मी पानी आनलं तवा मान कलंडली होती," एवढंच तो बोलला. मी गावाकडे जायला केनवडची बस धरली. बसमध्ये रडू आलं नाही. एक थकवा मात्र अंगात उतरला, तो अजून गेलेला नाही.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जात. बारावीनंतर मला कॉलेजात घालायचं की पुण्याकडे कंपनीत धाडायचं, हे घरात ठरत नव्हतं, तेव्हा भाऊ आमच्या अंगणात येऊन बसले. ते गावच्या जुन्या जमीनदार घरातले, आम्ही बौद्धवाड्यातले. तरी त्यांनी मागून घेऊन चहा प्यायला. "पोरगं बोलते चांगलं," ते बाबांना म्हणाले, "कंपनीत त्याले बोलू कोन देईन?" बाबा म्हणाले, "भाऊ, बोलून पोट भरते का?" भाऊ म्हणाले, "मास्तराचं भरते ना." बाबा हसले, आणि मी वाशिमला आलो. आज फळ्यासमोर उभा राहतो तो त्या एका चहामुळे.

मी बोलतो चांगलं हे त्यांना कळलं ते शिवारगाण्यात, गाण्याआधी मी दोन शब्द बोलायचो त्यातून. पौषात तीन दिवस त्यांच्या वावरात गाणं व्हायचं. किन्हीराजा गावचं खंजिरी भजन, आमच्या वाड्यातली भीमगीतं, कुठून दंडारीचा नाच, कुठून गोंधळी. वीज नाही, भोंगा नाही. दुपारी सुरू व्हायचं आणि दिवस मावळला की बंद. ताट-गिलास ज्याचा त्याने घरून आणायचा आणि राखेने घासून न्यायचा. एकदा एक पुढारी आले, त्यांच्याही हातात भाऊंनी राख दिली. ते पुढल्या वर्षी आले नाहीत. मागे बसलेलं कुणी ओरडायचं, "भाऊ, ऐकू येत नाही." भाऊ म्हणायचे, "त समोर सरक ना. कान काय भाड्यानं आनू?" माणसं सरकत. सरकता सरकता पाटलाचा गुडघा आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या आबांच्या गुडघ्याला लागे. भाऊंचा एकच हट्ट होता : गावातल्या ज्याचं गाणं ऐकलं त्याच्या घरी त्या दिवशी जेवायचं. पहिल्या वर्षी आमच्या घरी तिघंच आले. माझी आई ज्वारीच्या भाकरी करून वाट पाहत बसली होती. पुढे भाकरी पुरेनात. यात किती वर्षं गेली, ते ज्यांनी वाट पाहिली त्यांनाच माहीत.

शिवारगाणं व्हावं म्हणून सोयाबीन निघालं की भाऊ ते वावर रिकामं ठेवत. आजूबाजूला हरभरा हिरवागार, आणि मधे हे काळं वावर माणसांची वाट पाहत.

शेवटची भेट श्रावणात झाली. आमंत्रणाला ते अजूनही गावोगाव पायीच जात. फोनवर बोलावलेला माणूस फोनवरच येतो, म्हणायचे. पण पाय सुजले होते. "पोट्ट्याइले डीजे पाह्यजे," ते म्हणाले. "जुने गानारे एकेक चालले. थकलो रे मी. पन बंद कसं करू... बंद कराचं म्हनलं तरी दहा गावं फिरून सांगा लागते."

ते गेल्यावर आम्ही आठदहा जण बसलो. यंदाही करायचं, असं सगळे म्हणाले. वावर मात्र आता भाऊंच्या बायकोचं, कमलावहिनींचं. मास्तर नीट विचारील म्हणून मला पाठवलं.

गेलो तर वावरात हरभरा वीतभर आलेला. वहिनी वाकून भाजीसाठी शेंडे खुडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ये मास्तर. कोनं धाडलं?"

"सहजच आलो, वहिनी."

"सहज कोनी फाट्यापासून पायी येते का? वावर मांगाले आला तू."

त्यांचा हात चालूच होता. "लई वर्षं शेजारच्याइच्या हरभऱ्याले घाटे भरत, अन् मी पावन्याइचा चहा मांडू. मी नाही म्हनलं असतं असं नाही, मिलिंदा. गानं मलेबी आवडे. पन एखाद्या वर्षी तरी विचारावं ना मानसानं... कमला, यंदा ठेवू का रिकामं, म्हून."

भाऊंनी दहा गावांना विचारलं होतं. माझ्या बाबांनाही विचारलं होतं, तेही आमच्या अंगणात बसून.

"यंदा राहू द्या, वहिनी," मी म्हणालो. "मी सांगतो सगळ्यांना."

"सांगजो."

ओटीतली भाजी सावरत त्या वावरातल्या कडुनिंबाकडे निघाल्या, मी मागे. तिथे हरभऱ्याच्या मधोमध एक गोल तुकडा उघडा पडला होता. चारदोन पिवळट रोपं, बाकी नुसती माती, ओट्यासारखी टणक.

"गानारे बसत तेथी," वहिनी म्हणाल्या. "हे पावसाळ्यातबी नांगर घालू देत नव्हते. यंदा म्या पेरलं. उगवलंच नाही."

"उन्हाळ्यात नांगरून टाकू," मी म्हणालो.

त्यांनी वाकून त्या मातीवरून हात फिरवला. "टाकू ना," म्हणाल्या. "घाई काय हाये."

मग त्या तिथेच बसल्या, पाय लांब करून. ओटीतली भाजी पदरावर पसरली आणि निवडायला लागल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "मले बी बसू दे जरा."