सहा काचा आणि लिंबाची साल

माझी नऊ वर्षांची पीएचडी अर्ध्या लिंबाने गेली.

मी नगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात काचेच्या पट्ट्यांवर झिंक ऑक्साईडचा थर चढवते. थर इतका पातळ, की बघणाऱ्याला काच जरा धुरकट वाटते, बस्स! तो तापवायचा, जवळ गॅस गळला की त्यातून वीज जास्त वाहते आणि मीटरवरचा आकडा उडी मारतो. (निदान मारावा, अशी अपेक्षा असते.) ढीगभर काचा वाया गेल्यावर कशाबशा सहा जमल्या. सोमवारी पीएचडीच्या मार्गदर्शक सरांपुढे प्रयोग दाखवला नाही, तर नोंदणी रद्द होणार होती. प्रयोगशाळेत वस्तू जागेवर राहत नाहीत, म्हणून सहाही काचा मी सुरक्षित ठिकाणी आणल्या, म्हणजे भिंगारला आमच्या घरी!

त्याच आठवड्यात मिरजगावहून सासूबाई आल्या होत्या. शनिवारी पाहुण्यांसमोर माझी जीभ घसरली. "आई, पेले असे धुरकट ठेवत जाऊ नका हो, लोक काय म्हणतील?" त्यांनी पेले उचलले आणि पुन्हा घासायला घेतले.

रविवारी आंघोळ करून आले, तर खिडकीत सहा काचा ओळीनं वाळत होत्या. आरपार!

"आई, हे काय केलंत?"

"लई डाग हुते गं. साबनानं निघंनात, मग सरबताच्या लिंबाची साल घासली. बघ, कशा लखलखत्यात!"

"आई, तो डाग म्हणजे माझी पीएचडी होती!"

मी ढसाढसा रडले. सासूबाईंचा चेहरा पार उतरला.

"पर त्या काचा करत्यात तरी काय?"

"गॅस गळला की ओळखतात."

"आगं, मग मला ने की सरांपुढं! मला हितं बसून शेजारनीचा गॅस कळतो."

नवरा हसला. त्याच्याशीही भांडून घेतलं.

सोमवारी, एखाद्या कोपऱ्यात कणभर थर उरला असेल, या वेड्या आशेनं गेले. सरांनी गॅस सोडला. आकडा ढिम्म! पुन्हा सोडला. आम्हा दोघांनाही वास आला, काचेला काही येईना. शेवटी सरांनी ती पट्टी उचलून उजेडात धरली आणि उलटसुलट करून पाहिली.

"मॅडम, काच मात्र किती स्वच्छ ठेवलीत हो!"

नऊ वर्षांत सरांनी माझ्या कामाला दिलेली ही पहिली दाद, आणि तीही सासूबाईंच्या वाट्याची.