शह दिला की तुटणारी लाइन

मधुसूदनरावांचा कशावर सहजी विश्वास बसत नसे. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात त्यांची बहुतेक सारी नोकरी तपासणी विभागात गेली. सुटा भाग हातात आला की त्यात खोट असणारच असे धरून ते मोजमाप घेत. घरी मेथीची जुडीही त्याच नजरेने उलटीपालटी होई. "लग्नाआधी मला एवढं तपासलं नव्हतंत," रत्नप्रभाबाई म्हणत.

एका माणसाला मात्र त्यांनी कधीच तपासले नव्हते. ते म्हणजे गुंडोपंत, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, वयाने थोडे वडील. मधुसूदनराव खडकीहून बदलून आले तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. कॅन्टीनमध्ये बुद्धिबळाचा पट मांडून गुंडोपंतांनीच त्यांना समोर बसवून घेतले होते. तिथला कायदा एकच होता. शह देणाऱ्याने तोंडाने 'शह' म्हणायचे. मुकाट्याने दिलेला शह धरायचा नाही.

पुढे गुंडोपंत निवृत्त होऊन चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरला मुलाकडे राहायला गेले. २००७ साली दोघांच्याही घरी फोनच्याच तारेवरून ब्रॉडबँड आले आणि रविवारी सकाळी इंटरनेटवर डाव सुरू झाले. आता 'शह' म्हणायचे कसे? तर लँडलाइनवर मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंग म्हणजे शह. कायदा मोडला नाही, याचे दोघांनाही समाधान होते.

पण थोड्याच दिवसांत मधुसूदनरावांच्या लक्षात एक गोष्ट आली. डाव रखडत, अडखळत का होईना चालायचा. पण त्यांनी शह दिला की गुंडोपंत गायब. पडद्यावर 'प्रतिस्पर्ध्याचे कनेक्शन तुटले' अशी पाटी यायची आणि डाव बरोबरीत सुटायचा. एकदा झाले, दोनदा झाले. मग दर रविवारी तेच.

"वायर काढतो तो," ते घरात म्हणाले.

"काहीतरीच तुमचं!" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "गुंडोपंत तसे नाहीत."

"मग हरायची वेळ आली की बरी लाइन जाते?"

तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. त्यांनी फोन करून "वायर नीट लावून बसत चला" असे खोचकपणे सुनावले. पलीकडून फोन ठेवला गेला. पुढच्या रविवारी गुंडोपंत खेळायला आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. एवढ्या वर्षांचा मित्र खोटा निघाला की आपण त्याला तोडला, हे मधुसूदनरावांना कळेना. अन्न गोड लागेना. शेवटी ते स्वतःच तपासणीला निघाले. मुलगी तनया चांगली खेळायची. "मी एन्नोरला पोचलो की तू माझ्या नावाने डाव मांड," त्यांनी तिला बजावले. "आणि शह दिलास की फोन विसरू नकोस."

गुंडोपंतांनी दार उघडले. "वायर बघायला आलास?"

"हो," मधुसूदनराव म्हणाले.

"सरी, ठीक आहे. बस, बघ."

सूनबाई विजयालक्ष्मीने कॉफी आणली. डाव चालू झाला. मधुसूदनरावांची नजर पटावर नव्हती. ती गुंडोपंतांच्या हातांवर होती. दोन्ही हातांत कॉफीचा टंबलर होता. तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला आणि मोडेमचा हिरवा दिवा डोळ्यांदेखत विझला.

"पाहिलंस?" गुंडोपंत उसळले. "दर वेळी हेच! तुझ्या शहाला माझ्याकडे उत्तर असतं. ते देणार, तोच तू फोन वाजवून माझी लाइन कापतोस. वर मलाच चोर म्हणतोस!"

"मी कापतो?"

"मग कोण? माझी आजी?"

विजयालक्ष्मी रिकामे टंबलर उचलायला आली होती. तिकडच्या रीतीने ती सासऱ्यांना मामा म्हणायची. "मामा, फोनच्या वायरला ती छोटी डबी होती ना, आवाज बारीक येतो म्हणून तुम्हीच काढलीत ती. ती नसली की रिंग वाजताच नेट जातं, असं नेट जोडायला आलेला माणूस सांगून गेला होता." आणि ती आत गेली.

मधुसूदनरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "गुंडोपंत, मी फार वाईट बोललो," ते कसेबसे म्हणाले.

"मीही मनात तुला काही कमी बोललो नाही," गुंडोपंत म्हणाले. त्यांनी फोनचीच वायर काढून टाकली आणि खुर्ची सरकवली. "ये, बस इथं. दोघं मिळून पोरीला हरवू."

नवा डाव मांडला. दोघे डोके लावून खेळले, एकमेकांचे हात अडवत, एकमेकांच्या खेळ्या खोडत. तरी तनयाने पाहता पाहता वजीर मारला, हत्ती मारला आणि मात केली.

गुंडोपंत पडद्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मधुसूदना, एवढ्या भराभर ही पोर खेळूच शकत नाही. शेजारी बसून कुणीतरी सांगतंय हिला."

"मलाही केव्हापासून तोच संशय येतोय," मधुसूदनराव म्हणाले आणि त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.